जादू, ट्रिक आणि चमत्कार : दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांतील मायादृश्ये आणि मराठी लोकपरंपरा

प्रस्तावना

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनाचा बराचसा भाग 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या निर्मितीची कष्टकथा, स्त्रीपात्रांसाठी झालेली वणवण आणि उत्तरायुष्यातील उपेक्षा या तीन गोष्टींभोवती फिरतो. फाळके हे चित्रपटकार होण्यापूर्वी जादूगार होते, ही बाब मात्र बहुतेक चरित्रांत एखाद्या परिच्छेदात, गंमतीदार तपशील म्हणून, उरकली जाते. प्रस्तुत निबंधाच्या मते ही बाब गौण नाही. फाळके यांनी पडद्यावर देव प्रकट केले, मस्तके उडवली, मृत बालक जिवंत केले. आणि हे सारे त्यांनी ज्या हातांनी केले, त्या हातांनी त्याआधी रंगमंचावर जादूचे प्रयोग केलेले होते. जादूगार आपल्या प्रेक्षकाला 'ही हातचलाखी आहे' असे मुळातच कबूल करून फसवतो, तर चमत्कार सांगणारा तसे कबूल करीत नाही. मग फाळके यांची मायादृश्ये यांपैकी कोणत्या बाजूला मोडतात?

हा प्रश्न केवळ चित्रपटतंत्राचा नाही. पौराणिक चित्रपटांनी भोळ्याभाबड्या समाजाची अंधश्रद्धा बळकट केली, असा एक आक्षेप पुरोगामी लेखनात वारंवार येतो. उलट बाजूने, फाळके यांचे चित्रपट म्हणजे स्वदेशीच्या काळातील सांस्कृतिक स्वत्वाचा आविष्कार, असे गौरवपर विवेचन केले जाते. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते; ती म्हणजे, समोर बसलेल्या प्रेक्षकाला आपण काय पाहत आहोत हे कळत नव्हते. या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

या विषयाकडे वळण्यापूर्वी मराठी भाषेने फसवणुकीच्या आणि अद्‌भुताच्या किती छटा वेगळ्या ठेवल्या आहेत ते पाहणे उपयुक्त ठरेल. 'जादू' हा शब्द फारसीतून आला आणि रुळला. त्याच्या आधीपासूनचा 'इंद्रजाल' हा संस्कृत शब्द ग्रंथांत राहिला. 'चेटूक' आणि 'करणी' हे शब्द दुसऱ्याचे वाईट करण्याच्या हेतूशी जोडलेले असून त्यांचा उच्चारही खेड्यात दबक्या आवाजात होतो. 'नजरबंदी' या शब्दात फसवणारा आणि फसणारा दोघेही येतात. कारण बंद होते ती पाहणाऱ्याची नजर. 'हातचलाखी' या शब्दात गुन्ह्यापेक्षा कौशल्याचे कौतुक अधिक आहे. 'गारूड' या शब्दाचे मूळ सर्पविष उतरवण्याच्या गरुडमंत्रात आहे. पुढे सापांचे खेळ करणारा तो गारुडी झाला आणि त्याच्या खेळाला लोक पोट धरून हसू लागले. जी विद्या मुळात प्राण वाचवण्याची होती ती बाजारातील करमणूक व्हावी, हा अर्थबदल स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

'माया' हा शब्द तर मराठीत तीन घरे सांभाळतो. वेदान्तातील भ्रम म्हणजे माया, आईच्या मनातील ओढ म्हणजे माया आणि साठवलेला पैसा म्हणजेही माया. याच रांगेत 'सोंग' हा शब्द ठेवावा लागेल. सोंग म्हणजे ढोंग, आणि सोंग म्हणजे देवाचे रूपही. नाशिक, जव्हार, मोखाडा या पट्ट्यातील आदिवासी समाजात बोहाडा नावाचा मुखवट्यांचा उत्सव होतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात देवदेवतांची सोंगे नाचतात. मुखवट्यामागे कोण आहे हे गावातील पोरालाही ठाऊक असते, तरी सोंगाची पूजा होते, त्यापुढे हात जोडले जातात. नाच संपून मुखवटा उतरला की तोच माणूस पुन्हा शेजारी होतो. फाळके यांचे जन्मगाव त्र्यंबकेश्वर हे याच डोंगरपट्ट्याच्या कडेला आहे. फाळके यांनी बोहाडा पाहिला होता असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यांचा प्रेक्षक ज्या समाजातून आला, त्या समाजाला 'माणूस माहीत असूनही देव मानणे' ही रीत नवी नव्हती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

प्रोफेसर केळफा

फाळके यांचे पूर्वायुष्य हे प्रतिमा बनवण्याच्या एकामागून एक शिकलेल्या कलांचे आयुष्य आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८८५ मध्ये प्रवेश, त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण, गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय, नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवणे, पुरातत्त्व खात्यात नोकरी, राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयाशी संबंध आणि पुढे स्वतःचा छापखाना, असा हा प्रवास आहे. गोध्रा येथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दगावल्याने तेथील घडी मोडली. छायाचित्रणाचा धंदा न चालण्याचे जे कारण चरित्रकार देतात ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरली होती. म्हणजे फाळके यांच्या हातातील यंत्राला पहिली ओळख मिळाली ती करणीची. एका अर्थाने त्यांचे पुढील सारे आयुष्य या यंत्राला करणीकडून करमणुकीकडे आणि करमणुकीकडून दर्शनाकडे नेण्यात गेले.

बडोद्याच्या वास्तव्यात कार्ल हर्ट्झ या फिरत्या जादूगाराशी त्यांचा संबंध आला आणि त्याच्याकडून त्यांनी जादूचे शिक्षण घेतले. मराठी चरित्रांत हर्ट्झ यांना सर्रास 'जर्मन जादूगार' म्हटले जाते. नाव जर्मन वाटत असले तरी ते त्यांचे रंगमंचावरील नाव होते; त्यांचा जन्म १८५९ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला होता. हा तपशील केवळ दुरुस्तीसाठी नोंदवलेला नाही. हर्ट्झ हे चलच्चित्राच्या इतिहासातही नोंद असलेले गृहस्थ आहेत. १८९६ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉबर्ट पॉल यांच्याकडून चलच्चित्र दाखवण्याचे यंत्र मिळवले आणि ते जादूच्या सामानाबरोबर जहाजावर चढवून दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात नेले. त्या देशांतील आरंभीच्या चित्रप्रदर्शनांत त्यांचे नाव येते. चलच्चित्र हे त्या काळी जादूगाराच्या पेटाऱ्यातील आणखी एक वस्तू होते, ही गोष्ट फाळके यांच्या गुरूच्याच उदाहरणावरून सिद्ध होते.

फाळके यांनी जादूगार म्हणून घेतलेले नाव 'प्रोफेसर केळफा' असे होते. फाळके हे आडनाव उलट वाचले की केळफा होते. नावातच युक्ती आहे, आणि ती युक्ती लपवलेली नाही. जरा डोके चालवणाऱ्या कोणालाही ती उकलता येते. फसवणूक आणि जादू यांतील भेद या एका नावात जितका स्पष्ट दिसतो तितका पानभर व्याख्यांतही दिसणार नाही. चित्रपटव्यवसायात स्थिरावल्यानंतरही त्यांनी हे नाव टाकले नाही. प्रोफेसर केळफाच्या जादूचा एक लघुपट त्यांनी तयार केला होता.

वाटाण्याचा वेल आणि थांबवलेला दांडा

गिरगावातील एका चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना आपल्या मनःचक्षूंसमोर राम, कृष्ण उभे राहिले, हे फाळके यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत सांगितले आहे. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या कलागृहात काम पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन परतले. येथवरची कथा सर्वपरिचित आहे. त्यानंतर भांडवल देणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी त्यांनी जे पहिले चित्र घेतले, ते मात्र अधिक लक्षपूर्वक पाहायला हवे. एका कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी रोवून, ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत त्यांनी रोपाच्या वाढीचा लघुपट तयार केला. पडद्यावर तो वेल पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मातीतून वर आला.

भारतीय जादूगारांच्या ज्या खेळाने युरोपीय प्रवाशांना वेड लावले होते, त्यात आंब्याची कोय पुरून काही क्षणांत त्याचे रोप करून दाखवण्याचा खेळ अग्रक्रमाने येतो. फाळके यांनी तोच परिणाम साधला. फक्त टोपलीवरील फडक्याची जागा कॅमेऱ्याच्या झडपेने घेतली. फरक असा की गारुड्याचे रोप खोटे होते, फाळके यांचे रोप खरे होते. खोटा होता तो काळ. युक्ती वनस्पतीत नव्हती, दोन चित्रांमधील न दिसणाऱ्या तासांत होती. जादूची आणि विज्ञानाची सरमिसळ कोणत्या बिंदूवर होते याचे यापेक्षा नेमके उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

त्या काळच्या ट्रिकदृश्यांची कार्यपद्धती थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. कॅमेरा हाताने फिरवायच्या दांड्यावर चालत असे. दृश्य मध्येच थांबवायचे असल्यास दांडा थांबवायचा, पात्रांनी आहे त्या स्थितीत स्तब्ध राहायचे, नको असलेल्या व्यक्तीने चौकटीबाहेर जायचे आणि दांडा पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर ती व्यक्ती क्षणात नाहीशी होते. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १८९६ मध्ये याच युक्तीने एका स्त्रीला अदृश्य केले होते, आणि मेलिएस हेही मूळचे जादूगारच होते. दुसरी युक्ती दुहेरी मुद्रणाची. काळ्या मखमलीसमोर चित्रीकरण केले की काळा भाग फिल्मवर उमटत नाही. फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या जागेत दुसरे चित्र घेता येते. प्रकट होणारे देव, हवेत तरंगणारी शिरे, एकाच चौकटीतील दोन रूपे, या साऱ्यांचा पाया या दोन युक्त्यांत आहे. त्यांसाठी लागते ते गूढ ज्ञान नव्हे, तर अचाट चिकाटी आणि फिल्मचे प्रत्येक चित्र मोजण्याची सवय.

आगकाड्या पडद्यावर आपोआप हलवणारा 'आगकाड्यांची मौज' हा फाळके यांचा लघुपटही वाटाण्याच्या वेलाचाच सख्खा भाऊ म्हणता येईल. भारतातील चलत्‌चित्रपटाचा, म्हणजे ज्याला आपण कार्टून म्हणतो त्या प्रकाराचा, आरंभ शोधायचा तर तो या आगकाड्यांपाशी थांबतो.

पडद्यावरील प्रकटीकरण

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. त्या कार्यक्रमात हा चित्रपट एकटा नव्हता. आयरीन डेल मार यांचे नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचे विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू असे खेळ त्याच्या जोडीला होते. हरिश्चंद्राची सत्त्वपरीक्षा अशा प्रकारे कसरतीच्या शेजारी बसून पाहिली गेली. देवदर्शनाला आलेला भाविक आणि खेळ पाहायला आलेला रसिक अशी विभागणी या प्रेक्षकांत करता येत नाही. तो एकच माणूस होता आणि त्याने एकाच तिकिटात दोन्ही पाहिले.

बॉम्बे क्रॉनिकल या वृत्तपत्राने चित्रपटाची दखल घेताना वणव्याचे दृश्य, शंकराचे प्रकट होणे आणि मृत बालकाचे पुन्हा जिवंत होणे यांचा परिणाम म्हणून गौरव केला. परीक्षकाने शंकर प्रकट झाले असे लिहिले नाही, शंकराच्या प्रकटीकरणाचे दृश्य चांगले साधले असे लिहिले. हा भेद लहान वाटला तरी १९१३ मधील एक प्रेक्षक काय पाहत होता याचा तो समकालीन पुरावा आहे. इंग्रजी वृत्तपत्राचा वाचक वेगळा आणि पिटातला प्रेक्षक वेगळा, अशी हरकत येथे घेता येईल आणि ती रास्तही आहे. म्हणून पुढील पुरावा महत्त्वाचा ठरतो.

'लंकादहन' (१९१७) मध्ये राम पडद्यावर येताच आणि 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) मध्ये कृष्ण प्रकट होताच प्रेक्षक पडद्यासमोर लोटांगण घालीत, असे भारतीय चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत नोंदवलेले आहे. या एका वाक्यावर भारतीय प्रेक्षकाच्या भाबडेपणाचे इमले उभे राहिले आहेत. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रातील आगगाडी पाहून प्रेक्षक घाबरून पळाले, या कथेसारखीच ही कथा आहे. आगगाडीच्या कथेविषयी युरोपातील अभ्यासकांनी पुष्कळ शंका घेतल्या. आपल्याकडील लोटांगणाविषयी मात्र कोणी फारशी शंका घेतली नाही. प्रस्तुत लेखकाला लोटांगण नाकारायचे नाही. ते घडले असणेच अधिक संभवनीय आहे. प्रश्न त्याच्या अर्थाचा आहे. 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या, आणि त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये ते तारामती झाले होते. बालगंधर्वांच्या काळातील प्रेक्षकाला स्त्रीवेषातील पुरुष ओळखण्यास कोणी शिकवण्याची गरज नव्हती. रामनगरच्या रामलीलेत 'स्वरूप' झालेल्या मुलांच्या पाया पडणारा भाविक त्या मुलांना ओळखत नाही, असे कोण म्हणेल? बोहाड्यातील सोंगापुढे हात जोडणारा गावकरीही तसाच. नमस्कार हा भ्रमाचा पुरावा नाही. समोरचे रूप हे रूप आहे हे जाणूनही त्याला मान देण्याची ती एक सवय आहे.

सर्वांत बळकट पुरावा फाळके यांनीच मागे ठेवला आहे. 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटाचा मोठा भाग उपलब्ध आहे. त्यात कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली; तेव्हा ती सात वर्षांची होती. चित्रपटाच्या आरंभी फाळके तिला कृष्ण म्हणून आणत नाहीत. आधी एक साधी मुलगी पडद्यावर येते, वेगवेगळे भाव मुद्रेवर दाखवते, आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर तीच प्रतिमा विरघळून मुकुटधारी कृष्ण होते. मुखवटा चढवण्याची क्रियाच प्रेक्षकाला दाखवली गेली. 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटातही फाळके स्वतः काम करताना, नटांना शिकवताना, फिल्म तपासताना दिसतात. चमत्कार विकणारा मनुष्य आपल्या कारखान्याचे दार असे सताड उघडत नाही. जादूगाराची सवय मात्र अशी असते. 'पाहा, माझ्या बाह्या रिकाम्या आहेत' असे म्हणूनच तो खेळ सुरू करतो.

'श्रीकृष्णजन्म'च्या उपलब्ध अंशात कंसाला भयस्वप्न पडते. त्याचे मस्तक धडावेगळे होऊन वर उचलले जाते आणि पुन्हा जागेवर येते. ही जादूगाराच्या रंगमंचावरील शिरच्छेदाची जुनी युक्ती आहे. परंतु फाळके यांनी ती कंसाच्या मनात नेऊन ठेवली. शिर उडते ते खरोखर नव्हे, भीतीने. येथे ट्रिक ही देवाच्या सामर्थ्याची जाहिरात न राहता पात्राच्या अंतःकरणाचे चित्र होते. फाळके यांच्या तंत्राची प्रगती मोजायची असेल तर ती लांबीच्या फुटांत न मोजता या वळणात मोजावी, असे वाटते.

देवांची लबाडी

लोककथेतील चतुर, लबाड पात्राचा विचार येथे ओझरता करावा लागेल. फाळके यांनी निवडलेल्या कथा पाहिल्या तर त्यांतील बहुतेकांचा कणा कपट हाच आहे. 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) मध्ये विष्णू स्त्रीरूप घेऊन असुराला नाचायला लावतो आणि त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेववतो. ही मोहिनी कमलाबाई गोखले यांनी साकारली. रूपांतराच्या कथेत प्रथमच एका स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी, हा योगायोग गमतीचा आहे. कृष्ण तर लोकमानसातील सर्वांत लाडका चोर. पंचतंत्रातील कोल्हा आणि गवळणींतील कृष्ण यांत लोकपरंपरेने फार मोठे अंतर कधी मानले नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा चलत्‌चित्रपट तयार केला, त्याचे रेखाटन रघुनाथ केळकर यांनी केले होते. रेखाचित्रांच्या या शाखेत कपटी कोल्हा आणि खोडकर माकड सहज वावरू शकले, कारण तेथे युक्ती लपवायचीच नव्हती. प्रत्येक हालचाल हाताने काढलेली आहे हे चित्रच सांगत होते.

प्रभातचे संतपट आणि चमत्काराची अडचण

फाळके यांच्यानंतर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्याकडे तयार झालेले दामले आणि फत्तेलाल यांनी हा वारसा पुढे नेला. बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे बंधूही मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. मराठी चित्रपटाच्या दोन्ही आद्य घराण्यांचा उगम रंगवलेल्या पडद्यात असावा, ही लक्षणीय गोष्ट आहे.

प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात चमत्कार आणि लबाडी समोरासमोर उभी केली आहेत. सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो, धर्माच्या आडून पोट भरतो. त्याच्या फसवणुकीत कोठेही ट्रिक नाही, सारे कसे साध्या डोळ्यांनी दिसणारे. तुकोबांकडे मात्र कॅमेऱ्याची सारी माया आहे. किर्तनाला आलेल्या शिवाजी महाराजांना पकडण्यासाठी शत्रूचे सैनिक येतात, तेव्हा त्यांना जिकडे तिकडे शिवाजीच दिसू लागतात. संतचरित्रांतून रुळलेला हा प्रसंग दुहेरी मुद्रणाच्या तंत्रासाठीच जणू रचला गेला होता. फाळके यांच्यापेक्षा येथे एक फरक पडला. फाळके यांनी मंदाकिनीचा मुकुट आमच्यासमोर चढवला. प्रभातने शिवण इतकी सफाईने घातली की टाका दिसू नये. ध्वनी आला, अभिनय संयत झाला, घर-अंगण खरे वाटू लागले, आणि त्या खऱ्या वाटणाऱ्या अंगणात वैकुंठाचे विमान उतरले. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु अंधश्रद्धेचा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो फाळके यांच्या उघड्या जादूवर न घेता या वास्तवाच्या सफाईवर घेणे अधिक तर्कसंगत ठरेल. जिजाईच्या रोकठोक बोलण्याने तो आक्षेप बराचसा बोथट होतो, हेही खरे. पोरे उपाशी असताना देवाला जाब विचारणारी ही बाई चित्रपटातील कोणत्याही चमत्काराने पुरती गप्प होत नाही.

त्याच सुमारास मुंबईत बाबूभाई मिस्त्री यांनी 'ख्वाब की दुनिया' (१९३७) मध्ये काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत हलवून अदृश्य माणूस दाखवला. चित्रपटसृष्टीने त्यांना 'काला धागा' हे टोपणनाव बहाल केले. कारागिराला त्याच्या गुपिताच्याच नावाने हाक मारावी, हा व्यवसायातील प्रांजळपणा होय. फाळके यांचा अखेरचा चित्रपट 'गंगावतरण' हाही १९३७ चाच. तेव्हा त्यांचे वय ६७ होते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण त्यांच्या उत्तरायुष्याला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला पडेल. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

रस्त्यावरील प्रयोग आणि कायदा

प्रोफेसर केळफाची परंपरा पुढे कोठे गेली असा प्रश्न विचारला, तर तिचे एक उत्तर चित्रपटाबाहेर सापडते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या शाळांत आणि चौकांत चमत्कारांचे प्रयोग केले. हातातून अंगारा काढणे, जिभेवर जळता कापूर ठेवणे, नारळातून करणी काढणे हे सारे आधी बुवाप्रमाणे करून दाखवायचे आणि मग त्यामागील रसायन वा हातचलाखी उलगडून सांगायची. रचना जादूगाराची, हेतू शिक्षकाचा. फाळके यांनी आधी मुलगी दाखवून मग कृष्ण दाखवला. येथे आधी बुवा दाखवून मग माणूस दाखवला जातो. क्रम उलटा झाला, केळफा या नावासारखाच.

डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने तो कायदा म्हणून संमत केला. या कायद्याचा मसुदा अनेक वर्षे अडकून पडला होता, आणि त्यास झालेल्या विरोधात वारी, कीर्तन, संतचरित्रे यांवरही बंदी येईल ही भीती प्रमुख होती. अखेर संमत झालेल्या कायद्याने रेषा जेथे ओढली ती जागा अभ्यासकाने अवश्य पाहावी. तथाकथित चमत्कार करून दाखवून पैसा मिळवणे व लोकांना फसवणे हा गुन्हा ठरला. आणि हरिकथा, कीर्तन, प्रवचन यांबरोबरच दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्यांचा प्रसार करणे व त्यांविषयीचे साहित्य वितरित करणे हे गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. 'सांगितलेला' चमत्कार आणि 'विकलेला' चमत्कार हा भेद विधिमंडळाने २०१३ मध्ये लेखी केला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी पडद्यावर आला होता. त्यातील शंकर तिकीट लावून प्रकट झाला, हे खरे. पण तिकिटावर करमणुकीचे दर छापलेले होते, नवसाचे नव्हेत.